ऑलिम्पियाड, आयएसआय, जॅम : सरावाची उदाहरणं किती आणि कशी सोडवायची?

तेरणाकाठ
जूनपासून दर रविवारी तीन तासांचा गणिताचा गट सुरू होतोय. नववी ते बारावीची वीसेक लेकरं, बहुतेक मराठी माध्यमाची, थोडी सेमीची. लक्ष्य दोन. एक, सप्टेंबरातली आयओक्यूएम, म्हणजे ऑलिम्पियाडची पहिली पायरी. दुसरं, बारावीवाल्यांसाठी मे महिन्यातली आयएसआयची (भारतीय सांख्यिकी संस्थेची) प्रवेशपरीक्षा (बी.स्टॅट. कोलकाता, बी.मॅथ. बेंगळुरू). शिवाय बी.एस्सी.ची चार मुलं आहेत, त्यांना जॅमचा (एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेचा) मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर द्यायचा आहे.

आपल्या भागात सराव म्हटलं की प्रश्नसंच डोळ्यांसमोर येतो. एका घटकाचे दोनशे प्रश्न, लगेच टेस्ट, चुकलेले पुन्हा. नीटला आणि सीईटीला त्या पद्धतीनं मुलं पुढे गेली आहेत, ते नाकारत नाही. पण ऑलिम्पियाडच्या उदाहरणांना हा साचा बसत नाही असं माझं मत आहे, कारण तिथे 'हा कुठला टाइप' हे ओळखता येतच नाही.

प्रश्न नेमका असा : तीन तासांत किती उदाहरणं ठेवावीत, ती कशी निवडावीत, आणि मुलगा अडला तर उत्तर कधी दाखवावं? उदाहरणांसकट लिहा. घातासाठी ^ हे चिन्ह वापरू या.

खडूधारी
आधी वेळेचा हिशेब मांडा, निम्मं उत्तर त्यातच मिळतं.

आयओक्यूएम : ३० प्रश्न, ३ तास, १०० गुण. दहा प्रश्न २ गुणांचे, दहा ३ गुणांचे, दहा ५ गुणांचे. प्रत्येक उत्तर ०० ते ९९ मधला पूर्णांक, उणे गुण नाहीत. सरासरी सहा मिनिटं.
आरएमओ (ऑलिम्पियाडची पुढची, प्रादेशिक पायरी) : ६ उदाहरणं, ३ तास. अर्धा तास प्रत्येकी, आणि पूर्ण सिद्धता लिहायची.
आयएनएमओ (त्यानंतरची राष्ट्रीय पायरी) : ६ उदाहरणं, साडेचार तास. पाऊण तास प्रत्येकी.
आयएसआय सकाळचा पेपर (यूजीए) : ३० बहुपर्यायी, २ तास. चार मिनिटं.
आयएसआय दुपारचा (यूजीबी) : ८ लेखी उदाहरणं, २ तास. पंधरा मिनिटं.
जॅम : ६० प्रश्न, ३ तास, १०० गुण. तीन मिनिटं.

तीन मिनिटांपासून पंचेचाळीस मिनिटांपर्यंतचा पल्ला आहे हा. एकाच प्रश्नसंचानं दोन्ही टोकं सांधता येत नाहीत. तुमच्या तीन तासांचे दोन भाग करावेच लागतील.

परळीकर
तेरणाकाठ, प्रश्नसंचाला उगं कामून नावं ठेवायची? सहा मिनिटांत प्रश्न सोडवायचा तर हात बसलेला पाहिजेच. १०० पर्यंतच्या २५ मूळ संख्या, ३० पर्यंतचे वर्ग, २ चे दहाव्या घातापर्यंतचे घात, ७ × ११ × १३ = १००१ आणि त्यावरून निघणाऱ्या विभाज्यतेच्या कसोट्या, हे तोंडावर नसेल तर हुशार लेकरूही गुणाकारातच अडकतं. लातूर पॅटर्नमध्ये नेमकं हेच पक्कं करून घेतात. घोकंपट्टी आणि सराव यांत फरक आहे.

मूळसंख्या१७
परळीकर, तोंडपाठाबद्दल सहमत. पण पुढचं उदाहरण घ्या, मुद्दा दिसेल. मुक्तिसंग्रामाची तारीख धरून बनवलंय, १७ सप्टेंबर १९४८.

१७^१९४८ चे शेवटचे दोन अंक कोणते?

आयओक्यूएमच्या सुरुवातीच्या दहांत शोभेल एवढंच अवघड. कागदावर करून बघा, मग पुढे बोलू.

बाकी_शून्य
४१. शेवटच्या दोन अंकांचाच प्रश्न आहे म्हणून घातांकाचेही शेवटचे दोन अंक घेतले, ४८. मग १७ च्या घातांची साखळी दर २० नंतर फिरते, ४८ मधून ४० गेले, उरले ८. १७^२ चे शेवटचे दोन अंक ८९, १७^४ चे २१, १७^८ चे ४१.

मूळसंख्या१७
उत्तर बरोबर आहे, आणि त्यासाठीच हे उदाहरण दिलं होतं. कारण पहिलं पाऊल चुकीच्या कारणानं टाकलंय.

घातांक १९४८ चा ४८ करता आला, कारण १०० ही संख्या २० च्या पटीत आहे. १९०० वजा केले तरी साखळीत पूर्ण ९५ फेऱ्या होतात. 'शेवटचे दोन अंक विचारलेत म्हणून' हे कारण नव्हे.

आता हीच युक्ती ७ ने भागून लावा. १७ ला ७ ने भागल्यास बाकी ३. ३ च्या घातांची साखळी ६ ची. १९४८ = ६ × ३२४ + ४, म्हणून बाकी ३^४ = ८१ ची, म्हणजे ४. घातांकाच्या जागी ४८ घेतलात तर ४८ ला ६ ने नि:शेष भाग जातो आणि बाकी १ येते. साफ चूक.

ओएमआरवर (गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेवर) ४१ भरणाऱ्या दोन मुलांपैकी कोणाला कळलंय हे परीक्षेला दिसत नाही. गट चालवणाऱ्याला दिसलं पाहिजे. म्हणून उत्तर आलं तरी 'हे पाऊल का चाललं?' हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारा, आणि त्याच उदाहरणातली एक संख्या बदलून पुन्हा द्या. दोनशे प्रश्नांच्या संचात हे करायला वेळ उरत नाही, अडचण तिथे आहे.

बाकी_शून्य
पटलं. २० च्या जागी ६ आला की युक्ती कोसळते हे स्वतः करून बघितलं.

परळीकर
हे मान्य. संख्या बदलून पुन्हा द्यायची ही गोष्ट आमच्या संचात नसते, घालायला हवी. ओएमआरवरून आठवलं : उत्तर ७ असेल तर ०७ असं दोन्ही रकान्यांत भरायचं. घाईत ७० भरलं जातं, किंवा दशकाचा रकाना कोरा राहतो. महिन्यातून एकदा छापील ओएमआर देऊन सराव घ्या. शेवटची दहा मिनिटं गोल काळे करायला ठेवली तर एखाद-दुसरा गोल सरकतो. प्रत्येक पाच प्रश्नांनंतर भरलेलं चांगलं.

कोनदुभाजक
भूमितीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मराठी माध्यमाच्या मुलांची इथे जमेची बाजू आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या गणित भाग २ मध्ये कोनदुभाजकाचं प्रमेय, अपोलोनियसचं प्रमेय, आंतरलिखित कोन, चक्रीय चौकोन, वर्तुळात छेदणाऱ्या जीवा, स्पर्शिका-छेदिका हे सगळं आहे. आयओक्यूएमची बरीच भूमिती एवढ्यावर उभी राहते. फक्त मंडळाच्या परीक्षेत एका प्रश्नात एकच प्रमेय लागतं, इथे दोन-तीन जोडावी लागतात.

नमुना : त्रिकोण अबक मध्ये अब = ७, बक = ८, अक = ९. बक चा मध्यबिंदू म. रेषा अम परिवर्तुळाला पुन्हा प मध्ये छेदते. अप ची लांबी काढा.

पहिलं पाऊल अपोलोनियस : ७^२ + ९^२ = २(अम^२ + ४^२). १३० = २(अम^२ + १६), म्हणून अम^२ = ४९, अम = ७.
दुसरं पाऊल छेदणाऱ्या जीवा : अम × मप = बम × मक = ४ × ४ = १६. मप = १६/७.
अप = ७ + १६/७ = ६५/७. आयओक्यूएममध्ये उत्तर पूर्णांक लागतो म्हणून 'अंश आणि छेद यांची बेरीज' असं विचारतील : ७२.

चुका तीन प्रकारच्या होतात. पहिली, बम च्या जागी पूर्ण बक घेऊन ८^२ लिहिणं. दुसरी, मप ला अप समजून १६/७ वरच थांबणं. तिसरी जास्त खोल आहे : आकृती काढताना मध्यगा आणि कोनदुभाजक एकच मानणं. बाजू ७ आणि ९ जवळजवळच्या आहेत, त्यामुळे हातानं काढलेल्या आकृतीत दोन्ही रेषा एकीवर एक दिसतात. आकृती मोठी काढा, अर्ध्या पानाची तरी. कंपास आणि पट्टी नेता येत असतील तर वापरण्यात कमीपणा मानू नका.

गोदातीर
कोनदुभाजक, उदाहरण सुंदर आहे. ते इथे सोडू नये. अम = ७ = अब, म्हणजे त्रिकोण अबम समद्विभुज निघाला. त्रिकोण अबम आणि त्रिकोण कपम समरूप आहेत (एकाच कंसातले आंतरलिखित कोन), म्हणून कप = कम = ४. आता मुलांना विचारा : अब = अम व्हायला बाजूंमध्ये कोणतं नातं लागतं? अपोलोनियसमध्ये अम = अब घातलं की अक^२ − अब^२ = बक^२/२. इथे ८१ − ४९ = ३२, आणि ६४/२ = ३२, जुळलं. एका उदाहरणातून मुलांनी स्वतः बनवलेलं दुसरं मिळालं.

तेरणाकाठ
हे फार उपयोगी आहे, वहीत उतरवलं. भाषेचं काय करावं? आयएसआयचा पेपर इंग्रजीत असतो, आणि यूजीबीला उत्तरंही इंग्रजीत लिहावी लागतील. पहिल्या दिवसापासून इंग्रजीच ठेवावी का?

गोदातीर
विचार मराठीत होऊ द्या, उदाहरण मात्र इंग्रजीत वाचायची सवय लावा. अडचण मोठ्या शब्दांची नसते. 'चक्रीय चौकोन' म्हणजे सायक्लिक क्वाड्रिलॅटरल हे एकदा सांगितलं की लक्षात राहतं. मारतात ते छोटे शब्द. 'ॲट मोस्ट' म्हणजे जास्तीत जास्त, 'ॲट लीस्ट' म्हणजे किमान, 'डिस्टिंक्ट' म्हणजे परस्परांहून वेगळे, 'ऑर्डर्ड पेअर' म्हणजे क्रमित जोडी.

आणखी एक गोंधळ खास मराठीतला. 'पूर्ण संख्या' म्हणजे ०, १, २, ३…. 'पूर्णांक' म्हणजे ऋण संख्याही आल्या. बोलताना दोन्हींना 'पूर्ण' म्हटलं जातं. इंग्रजीत 'इंटिजर' दिसला की मूल ऋण बाजू विसरतं, आणि 'पॉझिटिव्ह इंटिजर' दिसला की शून्य घेऊन बसतं.

उदाहरण : १/क्ष + १/य = १/१२ चे धन पूर्णांकांतले किती उपाय? गुणाकार करून (क्ष − १२)(य − १२) = १४४. १४४ = २^४ × ३^२, विभाजक ५ × ३ = १५. क्रमित जोड्या १५, क्रम सोडला तर ८. इथे 'ऑर्डर्ड' शब्द वाचला नाही की गेलं. दोन्ही अवयव ऋण घेता येतील का, हेही तपासायचं : तेव्हा क्ष आणि य १ ते ११ मधले असतील, दोन्ही अवयवांची किंमत चिन्ह सोडून जास्तीत जास्त ११, गुणाकार १२१ पेक्षा मोठा होणारच नाही. म्हणून नाही. ही एक ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत, लेखी परीक्षेत तिला गुण असतात.

नांदेडचा_नमुना
संख्याशास्त्राच्या बाजूनं थोडं विस्तारानं लिहितो, कारण बी.एस्सी.च्या चार मुलांचा उल्लेख आहे.

सगळ्यात जास्त गुण जाणारी जागा : 'समसंभाव्य' काय आहे हे न तपासता मोजणं. तीन वेगवेगळ्या डब्यांत तीन गोट्या सहज टाकल्या. प्रत्येक डब्यात एकच गोटी पडण्याची संभाव्यता? अकरावीला शिकलेली 'वाटणी' वापरून मुलं म्हणतात, तीन गोट्या तीन डब्यांत वाटायचे १० प्रकार, त्यातला एक हवा, म्हणून १/१०. चूक. प्रत्येक गोटी स्वतंत्रपणे तीनपैकी कुठेही जाते, एकूण २७ शक्यता, हव्या त्या ३! = ६, उत्तर २/९. त्या १० वाटण्या समसंभाव्य नाहीत : (३,०,०) एकाच रीतीनं होते, (२,१,०) तीन रीतींनी, (१,१,१) सहा रीतींनी. मोजणीच्या प्रश्नात १० बरोबर, संभाव्यतेच्या छेदात १० चूक.

जॅमसाठी दुसरं. एसटी दर थ मिनिटांनी सुटते, प्रवासी स्टँडवर केव्हाही पोहोचतो, म्हणून थांबण्याचा वेळ ० ते थ मध्ये एकसमान वितरित. चार जणांचे वेळ १, २, ३ आणि १० मिनिटं. थ चा अंदाज काढा.

पद्धत एक, परिबलांची (मोमेंट्स). अपेक्षित वेळ थ/२, नमुन्याची सरासरी १६/४ = ४, म्हणून थ = ८. आता बघा, बस दर ८ मिनिटांनी सुटत असेल तर एक जण १० मिनिटं कसा थांबला? उत्तर सूत्रानुसार बरोबर आणि तरी अशक्य आहे. हे मुलांना सांगायचं नाही, त्यांनी शोधू द्यायचं.

पद्धत दोन, कमाल संभाव्यतेची (मॅक्झिमम लाइकलिहूड). सवयीनं लॉग घेऊन विकलन करतात, −४/थ = ० लिहितात आणि अडकतात, कारण ते कधीच शून्य होत नाही. चूक कुठे? १/थ^४ हे सूत्र थ किमान १० असेल तेव्हाच लागू आहे, त्याआधी किंमत शून्य. फलन उतरतं आहे, म्हणून सर्वांत डावीकडची परवानगी असलेली किंमत घ्यायची : थ = १०. वितरणाची सीमाच प्राचलावर (पॅरामीटरवर) अवलंबून असेल तिथे आधी सीमा लिहा, विकलन नंतर.

पुढे, न निरीक्षणं असतील तर कमाल निरीक्षणाचं अपेक्षित मूल्य न·थ/(न+१), म्हणजे इथे ४थ/५. अनभिनत (अनबायस्ड, सरासरीनं थ च देणाऱ्या) अंदाजासाठी ५/४ नं गुणा : १२.५. प्रचरण (व्हेरियन्स) तपासा : दुप्पट सरासरीचं थ^२/(३न) = थ^२/१२, या दुरुस्त कमालाचं थ^२/(न(न+२)) = थ^२/२४. बरोबर निम्मं. एका उदाहरणात अनभिनतता, पर्याप्तता (सफिशियन्सी), तुलना सगळं शिकवता येतं. असं एक उदाहरण पूर्ण तासभर घ्या.

परळीकर
चार निरीक्षणांत एवढं निघतं! हे लेकरांसमोर स्टँडवरच घ्यायला पाहिजे 🙂

खडूधारी
गुणपद्धतीचंही गणित करून घ्या, तेही संभाव्यताच आहे. यूजीएला बरोबर उत्तराला ४, चुकीला ०, न सोडवलेल्याला १. डोळे मिटून अंदाज केला तर अपेक्षित गुण ४ × १/४ = १, म्हणजे कोरं सोडण्याएवढेच. एक पर्याय खात्रीनं बाद करता आला तर ४/३, मग अंदाज फायद्याचा. जॅमच्या अ विभागात दोन गुणांच्या प्रश्नाला चुकीचे २/३ कापतात : २ × १/४ − २/३ × ३/४ = ०. एक पर्याय बाद केला तर २/३ − ४/९ = २/९, थोडा फायदा. ब विभागात (एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकणारे) आणि क विभागात (संख्या लिहायची) उणे गुण नाहीत, पण ब मध्ये अर्धवट गुणही नाहीत. त्या वर्षीच्या सूचना वाचूनच जायचं, नियम बदलू शकतात.

वाफसा
थोडं अवांतर. नववीच्या मुलांना पहिल्या रविवारी भीती बसू नये म्हणून कापरेकरांचं उदाहरण द्या. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी ६१७४ शोधला तो चार अंकी. तीन अंकीचा धडा सोपा आणि त्याची सिद्धता पूर्ण करता येते.

सगळे अंक सारखे नसलेली तीन अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमानं आणि चढत्या क्रमानं लिहून वजाबाकी करा, पुन्हा पुन्हा. शेवटी ४९५. का? सर्वांत मोठा अंक अ, सर्वांत लहान क, तर वजाबाकी ९९(अ − क). मधला अंक उडूनच जातो! म्हणजे पहिल्या पावलानंतर ९९ च्या नऊच पटी शक्य : ०९९, १९८, २९७, … ८९१. त्यांतही १९८ आणि ८९१ चे अंक तेच, २९७ आणि ७९२ चे तेच. साखळी एकच उरते : ०९९ → ८९१ → ७९२ → ६९३ → ५९४ → ४९५. नववीच्या मुलानं लिहिलेली ही पहिली पूर्ण सिद्धता ठरेल.

एक खबरदारी : ०९९ मधलं शून्य टाकून ९९ लिहिलं तर पुढच्या पावलाला ९९ − ९९ = ० होतं आणि मूल म्हणतं 'सर, चुकलं'. तीन जागा कायम ठेवायच्या.

तेरणाकाठ
वाफसा, अवांतर कसलं, जूनचा पहिला रविवार ठरला. आणि २९ जून, आयएसआय स्थापन करणाऱ्या महालनोबिसांचा जन्मदिवस, देशभर संख्याशास्त्र दिन असतो. त्याच्या जवळच्या रविवारी एसटीचं उदाहरण.

खडूधारी
आता सिद्धतेच्या बाजूला येऊ. यूजीबी आणि आरएमओला मुलं कुठे हरतात ते दोन उदाहरणांत.

पहिलं. बहुपदी प(क्ष) चे सहगुणक पूर्णांक आहेत. अ, ब, क हे वेगवेगळे पूर्णांक. प(अ) = ब, प(ब) = क, प(क) = अ असं होऊ शकत नाही हे दाखवा. मुलं सुरुवात करतात 'समजा वर्गबहुपदी आहे'. इथेच गुण संपले, कारण घात कितीही असू शकतो. लागतं एकच : अ − ब हा प(अ) − प(ब) ला भागतो. म्हणून अ − ब भागतो ब − क ला, तो भागतो क − अ ला, तो पुन्हा अ − ब ला. म्हणजे तिन्ही फरक चिन्ह सोडून समान, समजा ड. पण तिघांची बेरीज शून्य, आणि ±ड ±ड ±ड ची बेरीज शून्य होण्यासाठी ड = ० हवा. मग तिन्ही संख्या समान, विरोधाभास. पाच ओळी.

दुसरं सोडवायला देतो. फळ्यावर १ ते १९४८ या संख्या लिहिल्यात. दर वेळी कोणत्याही दोन पुसून त्यांच्यातला फरक (मोठी वजा लहान) लिहायचा. शेवटी एकच संख्या उरते. ती कोणकोणती असू शकते?

बाकी_शून्य
सम. बेरीज १९४८ × १९४९/२ = ९७४ × १९४९, सम आहे. दोन संख्या पुसून फरक लिहिला की बेरीज लहान संख्येच्या दुपटीनं कमी होते, म्हणून समता (सम की विषम हे) बदलत नाही.

खडूधारी
अगदी बरोबर, आणि अर्धं. 'विषम उरू शकत नाही' एवढं सिद्ध झालं. प्रत्येक सम संख्या उरू शकते हे कुठे झालं? २ उरेल का? १०००? १९५०? 'कोणकोणती' असं विचारलं की दोन्ही बाजू लागतात : बाकीच्या का नाहीत, आणि या खरंच कशा मिळतात. पहिली बाजू निश्चल राशीनं (न बदलणाऱ्या गोष्टीनं, इथे समतेनं) होते, दुसरीला रचना करून दाखवावी लागते. नीट लिहिणारी मुलंही इथे पहिल्या बाजूवर थांबतात. कोणी उत्तर लिहू नका, बाकी_शून्य यांनाच पूर्ण करू द्या.

मूळसंख्या१७
तोवर मूळ प्रश्नातलं 'उत्तर कधी दाखवावं' राहिलंय. माझं मत : लेखी उदाहरणाला पाऊण तास पूर्ण द्या. मग उत्तर दाखवू नका, उत्तराची पहिली ओळ दाखवा आणि आणखी वीस मिनिटं. संपूर्ण उत्तर वाचलं तर त्याच दिवशी वही मिटून कोऱ्या कागदावर लिहायचं, आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा. वहीत प्रत्येक न सुटलेल्या उदाहरणाखाली तीनच गोष्टी : कुठे अडलो, कोणत्या पावलानं सुटलं, ते पाऊल आधी कुठे भेटलं होतं. 'बीजगणित', 'भूमिती' अशी विभागणी नको, पावलांनुसार हवी : 'अवयव पाडून विभाजक मोजले', 'समता बदलत नाही', 'सर्वांत मोठी संख्या घेतली'.

कोनदुभाजक
पाऊण तास नववीला जास्त होईल. वीस मिनिटांनंतर नववीचं मूल विचार करत नाही, नुसतं बघत बसतं. त्यांना २० मिनिटं आणि एक लहान इशारा, उदा. 'न = ४ साठी करून बघ'. अकरावी-बारावीला ४५ ठीक.

तेरणाकाठ
सगळं वाचून रविवारचा आराखडा असा केला. पहिले ४० मिनिटं : सहा-सात लहान उदाहरणं, घड्याळ लावून, दोन अंकी उत्तर. नंतर २० मिनिटं त्यातल्याच दोन उदाहरणांची 'हे पाऊल का चाललं' आणि संख्या बदलून पुन्हा. मग नववी-दहावीला दोन आणि अकरावी-बारावीला एकच लेखी उदाहरण, सव्वा तास, एकट्यानं. शेवटचे ४५ मिनिटं एकमेकांच्या सिद्धता तपासणं, शिक्षकानं नाही. म्हणजे तीन तासांत जास्तीत जास्त नऊ उदाहरणं. बी.एस्सी.वाले वेगळे बसतील, दिवसाला दोन. आयएसआयचे गेल्या काही वर्षांचे पेपर फेब्रुवारीपर्यंत हात न लावता ठेवायचे, पूर्ण वेळ लावून देण्यासाठी.

परळीकर
नऊ कमी वाटतात, पण रविवारपुरते ठीक. आठवड्यात रोज घरी दहा लहान द्या, हात गार पडू नये. ऑगस्टमध्ये मात्र आठवड्याला एक पूर्ण आयओक्यूएम हवी. २०२३ ला ती ३ सप्टेंबरला झाली, २०२४ ला ८ ला. पोळा, महालक्ष्म्या त्याच सुमारास, घरात पाहुणे. ऑगस्टमध्येच उरकून घ्या.

तेरणाकाठ
परळीकर, रोजचे दहा मान्य. ऑगस्टचंही.

बाकी_शून्य
खडूधारी सर, पूर्ण झालं, तपासा.

फरक कधीच पहिल्या संख्यांमधल्या सर्वांत मोठीपेक्षा मोठा होत नाही, म्हणून १९४८ च्या वर काही नाही. म्हणजे शक्यता ०, २, ४, … १९४८.

आता समजा सम संख्या स उरवायची आहे, स किमान २. स बाजूला ठेवला. १ तसाच ठेवला. (२,३), (४,५), … (स−२, स−१) अशा जोड्या, प्रत्येकीचा फरक १. पुढे (स+१, स+२), … (१९४७, १९४८), त्यांचाही फरक १. एकूण १ किती झाले? सुरुवातीचा एक, पहिल्या भागातले (स−२)/२, दुसऱ्या भागातले (१९४८−स)/२. बेरीज १ + ९७३ = ९७४, स कोणताही असो. ९७४ सम आहे, म्हणून १ ची १ शी वजाबाकी करत सगळे शून्य, आणि शेवटी स − ० = स.

शून्यासाठी वेगळं : (१,२), (३,४), … (१९४७, १९४८) अशा ९७४ जोड्या, ९७४ वेळा १, सगळे शून्य. एकूण ९७५ किंमती.

खडूधारी
दोन्ही बाजू आल्या. आता १९४८ च्या जागी १९४९ घ्या आणि कुठली ओळ बदलते ते सांगा.